ज्याच्याकडे लिंक आहे तो

मेल्विन, तुझ्या आईचा कीबोर्ड बंद पडलाय.

तुला सांगायच्या गोष्टी पुष्कळ साठल्यात, पण आधी हीच सांगावीशी वाटली. तू गेल्यावर महिन्यानं चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा झाली, तिला मी आलो होतो. नंतर पाचूबंदरला तुमच्या घरी चहा होता. मी कप धरून भिंतीशी उभा होतो, कुणाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि तुझी आई त्या गर्दीतून नेमकी माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही रडणार आणि मग मलाही आवरणार नाही. तिनं कमरेची पिशवी उघडली, फोन काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"तूच ना तो कम्प्युटरवाला? विरारचा?"

"हो आंटी. मी प्रणव."

"हां, प्रनव. हे बग, मेल्विनचा कीबोर्ड उगडतच नाय. लिवाला घेतला का बंद पडते."

फोननं मागच्या आठवड्यात स्वतःच अपडेट घेतलं होतं आणि तू बनवलेल्या कीबोर्डाला बाहेर काढलं होतं. आता कंपनीचा कीबोर्ड होता. तिनं मला दाखवलं. तिनं 'पानी' लिहिलं, फोननं 'पाणी' केलं. तिनं परत 'पानी' केलं, फोननं पुन्हा 'पाणी'.

"बगलास? मना शिकवते," ती म्हणाली. "शेरनला मी असा लिवला तर ती बोलेल आय कवापासून पेपरासारखी बोलाला लागली."

शेरनताई कुवेतला रुग्णालयात नर्स आहे आणि ड्युटीवर तिला कानाला फोन लावता येत नाही, व्हॉइस मेसेज ऐकता येत नाहीत, हे मला तुझ्याकडूनच ठाऊक होतं. चोरून वाचता तेवढं येतं. त्यासाठीच तर तू हे सगळं केलंस. आईनं आपल्या बोलीत लिहावं, फोननं तिच्या चुका काढू नयेत आणि तिकडे वॉर्डात उभ्या असलेल्या लेकीला आईचा आवाज वाचता यावा. एवढंच होतं ते. मी आंटींना म्हणालो, "करून देतो, दोन दिवसांत." काम खरंच दोन तासांचं होतं.

ते मी केलं नाही. बरेच दिवस केलं नाही. आंटींचे दोन फोन आले तेव्हा ऑफिसचं काम आहे म्हणून थाप मारली.

कारण सांगतो, हसू नकोस. आपला रेपो, कोड ठेवायची ती ऑनलाइन जागा, उघडला की सगळ्यात वर एक ओळ दिसते. शेवटचा बदल कोणी केला, त्याचं नाव. तिथे तुझं नाव आहे. शेजारी तो तुझा गोल फोटो, होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला बसून डोळे बारीक केलेला. मी दुरुस्ती केली की तिथे माझं नाव येणार आणि तू खाली जाणार. कायमचा. नंतर तू काही वर यायचा नाहीस. रोज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते पान उघडायचो, तुझं नाव बघायचो आणि मिटायचो. जगात बाकी सगळीकडून तुला खाली ढकलणं चालू होतं. निदान तिथे तरी मी ढकलणार नव्हतो.

तुला खरं सांगू का, तू गेलास तेव्हापासून मला एकच गोष्ट जमलेली नाही. तू माझा कोण होतास हे कोणाला सांगणं. ऑफिसात सांगितलं, जवळचा मित्र गेला, मला यायला जमणार नाही. साहेब चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "अरे रे, कुठला मित्र? नाव कधी ऐकलं नाही." घरी सीमासुद्धा म्हणाली, मेल्विन म्हणजे तो कोळीवाड्यातला ना, सुके बोंबील पाठवायचा तो? तिची चूक नाही. लग्नात तू जेवून गेलास, बाळाच्या बारशाला आला नाहीस, घरी येणं-जाणं जवळपास नव्हतंच. आपली मैत्री होती ती तिकडे, त्या रेपोंमध्ये. तिथे येणारं तिसरं कोणी नव्हतं, मग साक्षीला कोणाला उभं करायचं?

तुझ्या अंत्ययात्रेला चर्चच्या अंगणात सगळे आपापल्या घोळक्यानं उभे होते. कॉयरवाले एका बाजूला, फुटबॉलवाले जर्सी घालून, बोटीवरचे वेगळे, शाळेतले वेगळे. प्रत्येकाच्या हातात आपल्या गटाचं फुलांचं चक्र. मी तिथे फिरत राहिलो. तुझे एक काका आले आणि आदरानंच विचारलं, "तुमी कुटल्यातले?" मी म्हणालो, "मी मित्र." ते म्हणाले, "मित्र तर सगलेच हायत." मग मी कुठल्याच घोळक्यात न जाता फाटकाजवळ उभा राहिलो. आपल्या गटात आपण दोघंच होतो, मेल्विन, आणि त्यातला एक पेटीत होता.

आणि त्या दिवशी मी तुमच्या घरात पुढच्या दारानं शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा. पूर्वी, तुमच्याकडे पहिल्या वेळी आलो आणि पुढच्या पायरीवर चपला काढायला लागलो तेव्हा तू आतून ओरडला होतास, "ए, तिकरून नको! पुढल्या दारानं फादर येतात आनि लग्नाच्या पत्रिका येतात. दोस्त मागून येतात." मग घराला वळसा, जाळ्यांचा ढीग, पाण्याचं पिंप, आणि थेट स्वयंपाकघरात. आंटी तव्यावर काहीतरी उलटत होत्या आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी पाट सरकवला. मी कराडकडचा. आमच्याकडे पाहुणा मागच्या दारानं आला तर तो काहीतरी उसनं मागायला आलाय असं समजतात. मला ते फार आवडलं.

पुढे जेव्हा आपण कोड लिहायला लागलो आणि ऑनलाइन ठेवायला लागलो, तेव्हा तूच ती अनलिस्टेडची सोय शोधलीस. रेपो उघडा ठेवला तर कोणीही शोधून काढणार. कुलूप लावलं तर प्रत्येकाला चावी द्या, खातं उघडायला लावा, ती कटकट. ही मधली तऱ्हा. शोधायला गेलं तर सापडत नाही, तुझ्या पानावर दिसत नाही, पण ज्याच्याकडे लिंक आहे तो सरळ आत. तू खूश झालास. म्हणालास, "आपला मागचा दार. पाटी नाय, पन ज्याला म्हाईत हाय तो येते."

मी म्हणालो, "शहाण्या, आपल्या धंद्यात मागचं दार म्हणजे चोराची वाट."

"तुमच्या धंद्यात. आमच्या घरात नाय."

असा तू. एकदा मनात घेतलंस की ब्रह्मदेव आला तरी हलायचा नाहीस.

तुझ्याकडून लिंक यायची तीही कशी, एक अक्षर बरोबर नाही. नुसती लिंक. मी उघडायचो तर आत काहीतरी अर्धवट. एकदा समुद्राच्या उधाणाच्या वेळा काढणारं काहीतरी होतं, ते अमावास्येला नीट चालायचं आणि पौर्णिमेला गोंधळायचं. एकदा तू आमच्या सोसायटीच्या टँकरच्या पाळ्या लावून दिल्यास, त्यात तळमजल्याला पाळीच नव्हती. मीही तुला असलीच कच्ची कामं पाठवायचो. ऑफिसात मी कोणाला कच्चं दाखवत नाही, तिथे सगळं धुऊन-पुसून इस्त्री करून न्यावं लागतं. तुला मी आंघोळ न केलेलं काम दाखवायचो. तू त्यात मध्ये मध्ये ओळी टाकून ठेवायचास. "प्रनव, हे काय केलंस?" "प्रनव, इथं भूक लागलेली काय?" एकदा नुसतंच, "वा."

त्या एका 'वा'वर मी महिनाभर होतो. हे तुला कधी सांगितलं नाही.

रोमन लिपीत ण नाही, हे कॉलेजातच तुझ्या लक्षात आलं होतं. मला ते कळायला किती वर्षं लागली. डिप्लोमाला आपण एका टेबलावर आलो ते हजेरीच्या क्रमामुळे, आणि वर्षभर तू माझ्याशी हिंदीत बोललास. मला वाटायचं तू मंगळूरकडचा असशील. एकदा लॅबबाहेर तू फोनवर बोलत होतास, "आय, मी पाव घेऊन येतो, तू जेवन झाकून ठेव," आणि मी थांबलोच. म्हटलं, अरे, तू मराठी? तर तू चोरी पकडल्यासारखा लाल झालास.

"घरची हाय," म्हणालास. "बाहेर नाय बोलत."

शाळेत वाचायला उभं केलं की वर्ग हसायचा म्हणून तू हिंदीत शिरलास आणि बाहेर आलाच नाहीस. पण कोडमध्ये मात्र तू बिनधास्त मराठी नावं द्यायचास. 'pani', 'kon', 'karan', 'ani'. तिथे एन तो एन. कोणाला कळणार, तो न आहे की ण? तू एकदा म्हणालास, कम्प्युटर हा एकटाच मराठी बोलनारा हाय जो मना सुदारत नाय. मी हसलो होतो. तूही हसलास. मग काही दिवसांनी कीबोर्डाची लिंक आली.

त्या कीबोर्डानं माझी काय शोभा केली ते आठवतं ना? तू म्हणालास, तपासायला तुझ्या फोनात टाक. टाकला. तेव्हा तुझी पद्धत अशी सरळसोट की दिसला ण की कर न, दिसला ळ की कर ल. मी विसरून गेलो. मी सोसायटीचा सेक्रेटरी. घाईत ग्रुपवर सूचना टाकली: 'उद्या सकाली पानी येनार नाही. कारन पाइपलाइनचे काम.' सही, प्रनव, सेक्रेटरी. झालं. वरच्या मजल्यावरच्या जोशी काकांनी लिहिलं, "पानी नसेल तर चालेल, पाणी येईल ना?" त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लागली. कोणी विचारलं, सेक्रेटरींना मासळी बाजारातून निवडून आणलंय का? मी तुला फोन करून तावातावानं भांडलो. असला बग ठेवून माणसाला देतात का, माझी इज्जत गेली, वगैरे.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग शांतपणे म्हणालास, "बग नव्हता तो. आमच्या घरात तसाच बोलतात. तुला एक दिवस हसले ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे खरंच पानी आलं नाही.

त्यानंतर मात्र तू त्या कामाला हात घातलास तो मनापासून. न आणि ल एवढ्यावर भागत नाही हे तुला माहीत होतं. आईच्या मागे फिरून तू शब्द गोळा केलेस, ती बोंबील वाळत घालताना, बाजाराला निघताना, मावशीशी फोनवर भांडताना. वटारला तुझ्या मावशीच्या वाडीत आपण बावखलाच्या काठी बसायचो, त्या तळ्याशेजारी नेटवर्क छान यायचं, आणि तू शब्द म्हणायचास, मी ते टाइप करायचो. तू मोठ्यानं म्हणायचास. माझ्यासमोर. कॉलेजातला तो हिंदी बोलणारा मुलगा आणि हा, एकच माणूस आहे हे मला खरं वाटायचं नाही.

तिथेच आपली हुज्जत सुरू झाली. मी म्हटलं, मेल्विन, हा रेपो उघडा कर. तुझ्या आईसारख्या किती बायका आहेत. पाचूबंदरच्या आहेत, अर्नाळ्याच्या आहेत. सगळ्यांचे फोन त्यांना शिकवतायत. सापडू दे त्यांना.

तू मान हलवलीस. "उगड्यावर सुकत टाकला का कावले येतात."

मी म्हटलं, "आणि झाकून ठेवलं की सडतं."

"सडू दे. हसनार तर नाय ना कोन."

कोण हसतंय आता, मी म्हणायचो. जोशी काका, तू म्हणायचास. प्रत्येक वेळी जोशी काका. तुझं म्हणणं, हे आयसाठी केलंय, शेरनसाठी केलंय, तुज्याकडे लिंक हाय, बस. बाहेरचा एकही माणूस नको. कोणी येऊन खाली शुद्धलेखन शिकवणार, कोणी विचारणार ही कसली भाषा, आणि ते वाचून मग मला परत हिंदी बोलावी लागेल. मी चिडायचो. तुला घाबरट म्हणालो एकदा. तू मला देशावरचा शेठ म्हणालास. वर्षानुवर्षं हेच चाललं. दर भेटीत तासभर तरी. मला तर वाटायला लागलं होतं की आपण म्हातारे होऊ, चिंचोटीच्या धबधब्यावर काठ्या टेकत जाऊ, आणि तिथेही तू कावले म्हणशील आणि मी सडलं म्हणेन.

तू आजारी पडलास तेव्हा मी एकदा तुला भेटायला आलो. फार बोलू नका, असं बाहेर सांगितलं होतं. तू डोळे मिटून पडला होतास. मी विचारलं, काही हवंय का? तू म्हणालास, "नको. पन उगडा नाय करायचा." आणि हसलास. मला राग आला, हसूही आलं. म्हटलं, बरा हो आधी, मग भांडू.

ते भांडण राहिलं ते राहिलंच.

गेल्या रविवारी आंटींचा तिसरा फोन आला. या वेळी त्या रागावलेल्या नव्हत्या, त्याचंच वाईट वाटलं. "कामात असशील तर राहू दे रे बाबा," म्हणाल्या. "शेरनला रोजचा लिवायची सवय लागली होती, म्हनून. आता ती इचारते, आय, तू गप का? तिला वाटते मी दुखात हाय म्हनून लिवत नाय. मी दुखात हाय तर हाय. पन लिवाया पायजे ना?"

फोन ठेवला आणि मी दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला. तुझी लेक तिकडे परदेशात आईच्या शब्दांची वाट बघतेय आणि मी इकडे एका ओळीतलं नाव राखत बसलोय. तुझी लेक नव्हे, बहीण. बघ, लिहितानाही गोंधळ होतोय.

खूप दिवसांनी तुझा कोड वाचला. तुझा हात ओळखू येतो रे. त्या उगाच सोडलेल्या मोकळ्या ओळी. कंस उघडून पुढच्या ओळीवर जायची तुझी खोड, जिच्यावरून आपण भांडलो होतो. वाचता वाचता मी ण-न च्या भागाशी आलो, कारण मोडलं होतं ते तिथेच. आणि तिथे तू माझ्यासाठी एक ओळ टाकून ठेवली होतीस, जी मी कधी पाहिली नव्हती. "प्रनव, इथं हात लावू नको. का ते भेटल्यावर सांगतो."

सीमा चहा घेऊन आली, काय झालं विचारलं, मी नुसतं बोट दाखवलं. तिला त्यातलं काय कळणार? पण तिनं तुझी ती ओळ वाचली आणि कप ठेवून शेजारी बसली.

त्या ओळीखाली एक अपवाद होता. सगळ्या शब्दांतला ण काढून न करायचा, एक शब्द सोडून. तो एकच शब्द जसाच्या तसा ठेवायचा. तो शब्द होता 'प्रणव'.

तू मला जन्मात कधी प्रणव म्हणाला नाहीस. मी दुसऱ्या वर्षी एकदा चेष्टेत म्हटलं होतं, बाकी काहीही बोल, माझं नाव तरी नीट घे. तू म्हणालास, जिभेला नाय जमत. मग जिभेला जमत नाही ते तू तिथे करून ठेवलंस. भेटल्यावर सांगणार होतास. कसं सांगितलं असतंस, मला माहीत आहे. काहीतरी थट्टा केली असतीस, सेक्रेटरींची सही चुकायला नको म्हणून केलं, असं म्हणाला असतास. आणि मीही काहीतरी टोला मारला असता, आणि आपण दोघंही त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नसतं.

आता मला वाटतं, प्रनवच असू दे. आता प्रणव म्हणणारे पुष्कळ आहेत, प्रनव म्हणणारं कोणी उरलं नाही, तुझी आई सोडून. तो अपवाद काढायला मला एक क्षण लागला असता. पण तू हात लावू नको म्हणाला होतास. मी त्याच्या आजूबाजूचं सगळं दुरुस्त केलं, तेवढं सोडलं.

मग बदल पक्का करायचं ते बटण दाबायची वेळ आली. काय बदललं ते एका ओळीत लिहायला लागतं. मी लिहिलं, 'आयचा फोन चालू केला.' दाबलं. माझं नाव वर आलं, तुझं गेलं. मी रडलो, मेल्विन. अंत्ययात्रेला रडलो नव्हतो, तिथे फाटकाशी उभा राहून चिडचिडच झाली होती. इथे रडलो. बाळ येऊन गुडघ्याला धरून उभं राहिलं आणि माझ्याकडे बघून तेही रडायला लागलं. सीमानं दोघांनाही गप्प केलं.

संध्याकाळी पाचूबंदरला आलो. दार कुठलं याचा विचार करत गल्लीत थांबलो आणि आंटीच बाहेर ओट्यावर बसलेल्या दिसल्या, म्हणून तो प्रश्न मिटला. जुना कीबोर्ड काढून नवा टाकला. त्यांनी चष्मा लावला, एका बोटानं 'पानी' लिहिलं आणि फोनकडे बघत थांबल्या. फोन काही बोलला नाही. पानी तसंच राहिलं.

"आला," त्या म्हणाल्या. मग मान खाली घालून लिहायला लागल्या. शेरनताईला भलं मोठं काहीतरी लिहीत होत्या, मधेच ओठ हलत होते. मी समुद्राकडे बघत बसलो. ते मी वाचायचं नव्हतं.

पाठवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लिंक तीच ना? जुनीच?"

"हो, तीच. का?"

"मग सगल्याना सांगते, परत टाका म्हनून. सगल्यांचे बंद पडलेत. रोज इचारतात, तुज्या पोराचा कीबोर्ड कवा चालू व्हनार."

मला कळेना. "सगळ्यांना म्हणजे कोणाला, आंटी?"

"आमच्या बाजारवाल्या बायकांना. अर्नाल्याच्या पन हायत. कवापासून वापरतात." आणि माझं तोंड बघून त्या थोड्या दचकल्या. "का? द्यायची नव्हती काय? मेल्विननं मना पाठवलेली. लिंक आली का पुढं पाठवायची असते ना?"

मी विचारलं, "मेल्विनला माहीत होतं?"

"त्याला काय सांगायचा? कामात असायचा पोर."

"आणि कोणी हसलं नाही?"

"हसतील कशाला?" त्या खरोखरच चक्रावल्या. "त्यांचाच बोलना हाय ते."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. बाजाराचा ग्रुप. वरपासून खालपर्यंत बायकांची बडबड होती, बर्फ कधी येणार, कोणाची टोपली कोणी नेली, कोणाच्या पोरीला मुलगा बघायला येतोय, आणि सगळीकडे तुझे शब्द. बिनधास्त. न तो न, ल तो ल. कोणी कोणाला सुधारत नव्हतं. अपडेटच्या दिवसापासून मात्र एकदम व्हॉइस मेसेजांची रांग लागली होती. लिहिणं बंद. मी नाव राखत बसलो होतो ते सगळे दिवस त्या बाजारातली अक्षरं गप्प होती.

आंटींनी तिथल्या तिथे लिंक टाकली. एकापाठोपाठ उत्तरं यायला लागली.

मी परत निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. जेट्टीपाशी गाडी लावून मी थोडा वेळ उभा राहिलो आणि सवयीनं फोन काढला. तुला सांगायचं होतं. अरे मेल्विन, तुझ्या आईनं मागचं, पुढचं, सगळी दारं कधीच सताड उघडलीत. तू माझ्याकडून घाबरट म्हणवून घेत होतास, मी घसा कोरडा करत होतो, आणि ती माउली निवांत पुढे पाठवत होती. बोट तुझ्या नावापर्यंत गेलं आणि मग आठवलं.

इतक्या वर्षांची आपली हुज्जत, मेल्विन, मी जिंकलो. अगदी निर्विवाद जिंकलो. समोर बसून हरायला तेवढा तू पाहिजे होतास.